आबांच्या हातात बंद पडणारी गाडी

विजेवर चालणारी स्कूटर आमच्या घरी आली ती आबांसाठी. आबा म्हणजे माझे वडील. वय सत्तरीच्या बरंच पुढे, राहायला आमच्याकडे शहरात, उस्मानपुऱ्यात, आणि सगळा जीव चितेगावच्या पलीकडे, पैठण रस्त्यापासून आत असलेल्या आमच्या तीन एकरांत. एक दिवसाआड शेतावर जाऊन आल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे. आधी ते एसटीने जायचे आणि फाट्यावर उतरून पुढे पायी. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा मी दसऱ्याला ही स्कूटर घेतली. गियर नाही, किक नाही, आवाज नाही. रात्री चार्जिंगला लावली की दुसऱ्या दिवशी जाऊन-येऊन पुरायची. आबांनी तिला हळदकुंकू वाहिलं, माझ्याकडून आठवडाभर शिकून घेतलं आणि सोमवारी सकाळी सातला डोक्याला उपरणं गुंडाळून एकटे निघून गेले. आई दारात उभी राहून बघत होती. मला म्हणाली, "आता हे घरात काय सापडत नाय आपल्याला."

चार-पाच महिने झकास गेले. मग एक दिवस आबा दोन तास उशिरा आले.

"गाडी मधीच थांबली," ते म्हणाले. "पुढचा दिवा चालू, आकडे चालू, नुसती जात नाय. जरा बसलो बाजूला, मग आपोआप चालू झाली."

मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात विजेच्या देखभालीला आहे. बंद पडलेलं मशीन चालू करून देणं हाच माझा धंदा, आणि त्यात आपल्याला कुणी शिकवू नये असा माझा थोडा ताठा आहे. मी कपडेसुद्धा न बदलता गाडी स्टँडवर चढवली. बॅटरीची जोडणी ओढून पाहिली, घट्ट होती. सीटखालच्या वायरी एकेक करून हलवल्या आणि दुसऱ्या हाताने चाक फिरतं ठेवलं. चाक एकदाही अडखळलं नाही. दोन्ही ब्रेक दाबून पाहिले. ब्रेक दाबला की मोटरचा पुरवठा तुटावा अशी या गाड्यांत सोय असते, दांडीच्या बुडाशी एक बारीक स्विच असतो. तोही ठीक होता. दाबला की मोटर बंद, सोडला की चालू. मी गाडी क्रांती चौकापर्यंत पिटाळून आणली. सुसाट गेली.

"काही झालेलं नाही तिला," मी जाहीर केलं.

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा थांबली. त्यानंतर पुन्हा. आबांचं वर्णन प्रत्येक वेळी तेच. थांबते, जरा हात काढून बसलं की आपोआप चालू होते. विश्रांती दिली की चालते म्हणजे काहीतरी तापत असणार, असा मी तर्क लावला. मोटरला वीज पुरवणारा जो डबा असतो, त्या कंट्रोलरवर संशय घेतला. त्याला वारा लागावा म्हणून सीटखालच्या प्लास्टिकला भोकं पाडली. एक छोटा पंखासुद्धा बसवला. बायको म्हणाली, "आता त्यात कूलरच बसवा." शोरूमच्या मेकॅनिकने गाडी दोन दिवस ठेवून घेतली आणि काहीही दोष नाही असं सांगून परत केली. मी स्वतः ती सलग चार दिवस शेंद्र्याला कामावर नेली. एका ठिकाणी अडली असेल तर शपथ.

ज्या बिघाडाला आमच्यासमोर यायचंच नसतं, त्याची कारखान्यात आम्हाला फार चीड असते. पण तिथे निदान मशीनला वय नसतं. इथे मी हळूहळू गाडीकडून आबांकडे बघायला लागलो.

चौथ्या वेळी ती भर पैठण रस्त्यावर थांबली. मागून ट्रक येत होता. ड्रायव्हरने कसाबसा वळवला, शिव्या दिल्या, आणि एका चहावाल्याने आबांना गाडीसकट कडेला ओढलं. हे आम्हाला आबांनी सांगितलं नाही. तो चहावाला आमच्या बहिणीच्या सासरच्या गावचा निघाला, म्हणून कळलं. बहिणीचा फोन आला, ती रडतच बोलत होती. त्या संध्याकाळी घरात बैठक झाली. ठरलं असं, की आता एकदा जरी गाडी थांबली तरी चावी कपाटात. पुन्हा एसटी झेपणारी नव्हती, तेव्हा चावी कपाटात याचा अर्थ शेत बंद. हे सगळ्यांना कळत होतं, आबांना सगळ्यात जास्त.

"बरं," एवढंच ते म्हणाले.

मी तिथे थांबायला हवं होतं. पण महिनाभर डोक्यात साठलेलं होतं. मी म्हणालो, "आबा, गाडी माझ्या हातात कधीच बंद पडत नाही. मेकॅनिकच्या हातात नाही. फक्त तुमच्या हातात पडते. तुम्हीच काहीतरी करत असाल. चावी फिरवत असाल, बटण दाबत असाल, आणि ते लक्षात राहत नसेल. वय झालंय, होतं असं."

आबांनी आपल्या तळहातांकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. आईनेही त्यांची बाजू घेतली नाही, कारण डाळीच्या डब्यात चष्मा ठेवून ते दिवसभर शोधत बसले होते त्याला फार दिवस झाले नव्हते. ते उठले आणि गॅलरीत जाऊन बसले. मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर आपण बरोबर बोललो याचं समाधान त्याहून मोठं होतं.

गुढीपाडवा झाला. त्यानंतरच्या रविवारी आबा शेतावर निघाले तेव्हा मी ठरवलं की आज मागे मागे जायचं. त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते सावध होऊन चालवतील आणि मला काही दिसणार नाही, असा माझा हिशेब होता. वडिलांवर पाळत ठेवायची म्हणजे मनाला बोचत होतंच. मोटरसायकलवर शंभर पावलांचं अंतर ठेवून मी निघालो.

शहरात काही दिसलं नाही. बिडकीनकडे जाणारी वाहनं वाढली तसं मला काहीतरी खटकायला लागलं. रस्ता सरळ, पुढे कुणी नाही, गाडी एका लयीत चाललेली, आणि तरी तिचा मागचा, ब्रेकचा लाल दिवा लुकलुकत होता. विझायचा, लागायचा. ब्रेक मारण्यासारखं समोर काहीच नव्हतं. चितेगाव मागे पडल्यावर एक ट्रक त्यांना घासून पुढे गेला. लाल दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. गाडी मंद झाली, मंद होत होत कडेला थांबली. आबांनी दोन्ही पाय टेकले, हँडल सोडलं, उपरण्याने तोंड पुसलं. दिवा विझला. मग त्यांनी पुन्हा हँडल धरलं आणि गाडी निघाली.

मी गाठून त्यांना थांबवलं. मला बघून ते दचकले नाहीत, नुसते थांबले, पकडले गेल्यागत.

"आबा, तुम्ही हँडल कसं धरता ते दाखवा."

त्यांनी दाखवलं. डाव्या हाताची दोन बोटं ब्रेकच्या दांडीवर, आणि दांडी दाबलेली नाही, पण किंचित ताणलेली. चांगली तीस वर्षं या माणसाने बैलगाडी हाकली होती. डावा हात कासऱ्याला, आणि कासरा कधी ढिला सोडायचा नाही. मागे काही मोठं आलं की तो आपसूक थोडा आवळायचा.

"बोटं अशी का ठेवता?"

"मग?" त्यांना प्रश्नच कळला नाही. "मोकळा कासरा सोडून कुणी गाडी हाकतंय व्हय?"

मी दांडी खाली-वर करून पाहिली. दसऱ्यापासूनच्या त्या सततच्या ताणाने आतल्या स्विचची स्प्रिंग मऊ पडली होती. बोटाचं नुसतं वजन पडलं तरी स्विचला वाटायचं ब्रेक लागला, आणि तो मोटर बंद करायचा. आम्ही सगळे जण दांडी पूर्ण दाबायचो किंवा पूर्ण सोडायचो, त्यामुळे आमच्या हातात बिघाड कधी दिसणारच नव्हता. आबा महिनाभर अक्षर न अक्षर खरं सांगत होते. हात काढून बसलं की चालू होते, हेसुद्धा.

मी स्विचची वायर सोडवून बाजूला केली. ब्रेक लागत होता, मोटर तुटायची थांबली. नवा स्विच संध्याकाळी बसवणार होतो. आबांना समजावून सांगताना माझा आवाज आनंदाने चढला होता. "तुमच्या डोक्याला काही झालेलं नाही आबा. स्प्रिंग मऊ झालीय, बाकी काही नाही." त्यांनी ऐकून घेतलं. "आसं व्हय," म्हणाले. मला वाटलं होतं त्यापेक्षा त्यांचा चेहरा कमी उजळला.

"चला, आज मी पण येतो शेतावर," मी म्हणालो.

शेतात विहिरीजवळ शेजारचा शेतकरी उभा होता, माझ्याच वयाचा. आबांनी सदऱ्याच्या खिशातून मोटारघराची चावी काढली आणि त्याच्या हातात दिली. वर कुठलं बटण आधी दाबायचं, तेही सांगितलं. तो मला म्हणाला, "बरं झालं तुम्ही पण आलात. काकांनी पाडव्याला शब्द दिला, वरीसभर बटईनं, निम्म्या वाट्यावर, मी करणार. म्हणले, पोरगा जाणता हाय, तो म्हणतो आता माझ्या ध्यानात राहत नाय. उगं रस्त्यात कुणाच्या अंगावर जायला नको."

आमच्याकडे शेताचं वर्ष पाडव्याला सुरू होतं. ज्याला द्यायचं त्याला त्या दिवशी सांगायचं, की मग पुढच्या पाडव्यापर्यंत ते त्याचं. कागद नसतो, पण शब्द फिरवलेला मी आमच्या गावात पाहिलेला नाही. तरी मी शेजाऱ्याला बाजूला घेऊन बोलायला लागलो, की चूक गाडीची होती, माझी होती, आपण काहीतरी मार्ग काढू. तो भला माणूस. "काका म्हणत असतील तर माझं काय नाय," म्हणाला.

"काका म्हणत नाय," आबा मागून म्हणाले. "त्यानं बियाणं आणलंय."

शेजारी मोटार चालू करायला गेला. आम्ही दोघं बांधावर बसलो. मला स्वतःचा भयंकर राग आला होता. मी म्हणालो, "आबा, माझं चुकलं."

"तुझं काय चुकलं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "तू शोधलंस की. लई झटलास." पाणी सुटलं तसं ते वाफ्याकडे बघत राहिले. कुठल्या वाफ्याला आधी द्यायचं हे त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता वरीसभर सकाळी उठून मी कुठं जाऊ, तेवढं सांग."