वासंतीवहिनींनी भरलेली खाण

वासंतीवहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी रत्नागिरीत झेरॉक्सच्या दुकानात उभी होते. त्यांच्याच अर्जाच्या प्रती काढत होते. चिरेखाणीतल्या धुळीमुळे आपल्याला फुफ्फुसांचा आजार जडला याची सरकारदरबारी नोंद व्हावी, एवढीच त्या अर्जातली मागणी. ‘खाणीत काम केल्याचा पुरावा जोडलेला नाही’ असा शेरा मारून तो दोनदा परत आला होता. फोनवर त्यांची सून सायली होती. “आई गेल्या, बाई,” एवढंच म्हणाली... दुकानदार अजून किती प्रती काढू विचारत होता. त्याला आता सात आठवडे झाले. राग उतरलेला नाही, आणि तो उतरल्यावर लिहीन म्हटलं तर हा लेख कधीच लिहून होणार नाही.

पुरावा म्हणे! मी त्यांच्या गावच्या शाळेत सव्वीस वर्षं शिकवलं. शाळेच्या मागे सडा आहे, जांभ्या दगडाचं उघडं पठार. त्यातला मोठा तुकडा वहिनींच्या सासऱ्यांचा. त्यांनी तो चिरेखाणीसाठी भाड्यानं दिला आणि नवी नवरी म्हणून आलेल्या वहिनी आपल्याच जमिनीवर मजुरीला उभ्या राहिल्या. मशीन दगड कापायचं, बाया ते चिरे डोक्यावरून ट्रकपर्यंत न्यायच्या. संध्याकाळी घरी परतताना त्यांच्या पापण्यासुद्धा लाल झालेल्या असत. हजेरीला ना वही ना कागद, मुकादम चेहरा बघून काम द्यायचा. आता इतक्या वर्षांनी कुठला पुरावा आणायचा त्यांनी? माझं घर त्याच खाणीतल्या चिऱ्यांचं आहे. ते चिरे उतरवायला वहिनीच आल्या होत्या. मी त्यांना चहा दिला आणि भिंत सरळ येतेय की नाही ते बघत बसले. त्या तेव्हा खोकत होत्या का, ते मला आठवत नाही. हे लिहिताना मला लाज वाटते.

चांगला दगड संपला, तसा खाणमालकानं एका सकाळी मशीन उचललं आणि पलीकडच्या गावात नेलं. मागे उरले दोन पुरुष खोल असे चार खड्डे, ना कुंपण ना बांध. वहिनींनी कुठून तरी परवान्याची प्रत मिळवली आणि वाचून दाखवायला माझ्याकडे आणली. खाण संपल्यावर मालकानं खड्डे भरायचे, वर माती टाकायची, झाडं लावायची आणि जमीन परत करायची, असं त्यात स्वच्छ छापलेलं होतं. त्यांनी मला ती अट पुन्हा वाचायला लावली. मग आम्ही दोघी कचेरीत गेलो. खाण बंद झाली की आमच्याकडे फाइल बंद होते, असं तिथल्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं. परतीच्या एसटीत खिडकीबाहेर बघत वहिनी म्हणाल्या, “फाइल बंद झाली. खड्डा उघडाच हाय.”

पुढच्या आठवड्यात त्या आणि खाणीतल्याच आठ बाया सर्वांत उथळ खड्ड्यात उतरल्या. दगडाची कपची, पालापाचोळा, शेण, पावसाळी पऱ्ह्याच्या पात्रातला गाळ... टोपल्यांनी भरत राहिल्या. शेजारच्या खड्ड्यात साठलेलं पावसाचं पाणी हंड्यांनी आणून घातलं. पहिल्या वर्षी सगळी रोपं जळाली. गावातली माणसं काठावर येऊन हसून गेली. दुसऱ्या वर्षी पडवळ आणि दोडकी लागली, तिसऱ्या वर्षी काजूची कलमं जगली आणि भाजी रत्नागिरीच्या बाजारात जाऊ लागली. मिरजोळ्याच्या कारखान्यात कंत्राटावर उभं राहून पाय सुजवून घेणाऱ्या दोघी नोकरी सोडून खड्ड्यात परत आल्या. कुठल्याही योजनेत न बसलेलं हे काम.

मग योजनावाल्यांना त्याचा सुगावा लागला. भाट्याजवळच्या एका हॉटेलात खाणगावांच्या शाश्वत भवितव्यावर परिसंवाद झाला. गार हवेच्या त्या दालनात खाणमालकही पहिल्या रांगेत होता. वहिनींना पुष्पगुच्छ आणि दोन मिनिटं मिळाली. गावातल्या महिलांना शिलाई मशीन देण्याची घोषणा नुकतीच झाली होती. वहिनी माइकपासून जरा लांबच उभ्या राहून म्हणाल्या, “शिलाईचा काय ता मागाहून बगू. आमची जमीन फाटलेली हाय, ती कोन शिवनार? ज्यानं फाडली तो हितंच बसलाय.” सूत्रसंचालकानं आभार मानून जेवणाची वेळ झाल्याचं सांगितलं. त्या परिसंवादाचा अहवाल पुढे छापून आला. मुखपृष्ठावर टोपली उचललेल्या वहिनी, आणि खाली दोनच शब्द : ‘लाभार्थी महिला’. लाभ कसला? दिला कुणी?

गेल्या उन्हाळ्यात त्याच मालकाचे टँकर बाया भाजीला पाणी घ्यायच्या त्या शेजारच्या खड्ड्यातलं पाणी नव्या खाणीसाठी उपसायला आले. वहिनींना तेव्हा दहा पावलं चालली तरी धाप लागायची. त्या टँकरच्या पुढ्यात चक्क मांडी घालून बसल्या, बाकीच्या बाया त्यांच्या मागे. ड्रायव्हर खाली उतरला, विडी ओढून झाली, मालकाला फोन लावून झाला, आणि दुपारी रिकामा टँकर घेऊन निघून गेला. पुन्हा आला नाही. जिंकलो म्हणून बाया हसत होत्या, आणि वहिनी खोकत होत्या...

शोकसभेला मालक हार घेऊन आला. वहिनी विकासाच्या कामात आपल्या सहकारी होत्या, असं त्यानं हात जोडून सांगितलं. कुणीच उठून काही बोललं नाही. मीही नाही. म्हणून इथे सांगते : त्या तुमच्या सहकारी नव्हत्या. तुम्ही करायचं टाळलेलं काम त्या शेवटच्या श्वासापर्यंत करत होत्या.

परवा सायलीनं मला खाणीत नेलं. कापलेल्या उभ्या भिंतीवर मशीनच्या पात्याचे आडवे चरे अजून आहेत. त्यांच्यामध्ये कोयत्यानं कोरलेल्या वेगळ्याच खुणा तिनं दाखवल्या. दर वर्षी भराव टाकून झाला की माती कुठवर चढली ते वहिनी भिंतीवर कोरून ठेवायच्या, हे मला ठाऊकच नव्हतं. जुन्या खुणा मातीखाली गेल्यात. पावसात भराव खचला म्हणून शेवटची तेवढी अजून दिसते, मातीच्या जरा वर, बोटभर लांब. यंदाचा भराव तिच्यापर्यंत पोचायला चार बोटं कमी पडतायत. बाया वरून टोपल्या देत होत्या. सायलीनं पदर खोचला आणि पुढची टोपली हातात घेतली. मी चपला काठावर काढल्या आणि तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.