कंदांचा रकाना

पासष्टची लढाई थांबून दोन-तीन महिने झाले होते, पण आमच्या घरी ती संपली नव्हती. बाबा तोफांच्या फॅक्टरीत लेथवर होते. बारा-बारा तासांची पाळी करून यायचे आणि हात धुतले तरी तेलाचा वास जायचा नाही. रेशनवर लाल मिलो, परदेशातून आलेली ज्वारी, मिळायचा, डाळ मिळाली तर नशीब. सोमवारी संध्याकाळी चूल पेटत नसे. देशासाठी एक वेळ सोडा असं पंतप्रधानांनी सांगितलं होतं, आणि बाबांनी ते कधी मोडलं नाही.

मी त्याच वर्षी बी.एस्सी. झाले आणि एका सरकारी आहार-पाहणीत लागले. लोकांच्या घरी जायचं, शिजवायच्या आधी प्रत्येक जिन्नस तोलायचा, वहीत लिहायचा, आणि छापील तक्ता पुढे ठेवून त्यातून पोटात प्रथिनं किती गेली ते काढायचं. आमचे साहेब वयस्कर, सज्जन गृहस्थ. पहिल्याच दिवशी म्हणाले, "कंदमुळांपुढे प्रथिनांचा रकाना आहे, पण त्यात वेळ घालवू नका. त्यानं पोट भरतं, अंग भरत नाही."

मला बरगीकडचं एक गाव मिळालं. नागपूर रोडच्या बसमधून उतरून दोन तास चालायचं. मुक्काम गावातल्या गुरुजींच्या घरी आणि तोलायला दिलेलं घर एका गोंड बाईचं. नवरा शहरात फॅक्टरीच्या नव्या इमारतीवर मजुरीला गेलेला. घरात ती, तिची सासू आणि दोन पोरी. बाई माझ्याहून फार तर पाच-सहा वर्षांनी मोठी असेल.

पहिल्या सकाळी ती मला ओढ्यावर घेऊन गेली. वाहत्या पाण्यात दगडांच्या आधारानं एक टोपली बांधलेली होती. आत पांढऱ्याशुभ्र, पातळ चकत्या. मला वाटलं बटाटा असेल. एक उचलून मी तोंडाशी नेली, तोच तिनं माझ्या हातावर असा फटका मारला की चकती पाण्यात उडाली.

"ना खइयो बाई! मर जैहो!"

ती बैचांदी होती. जंगलातला कडू कांदा, विषारी. तिकडे जमिनीतल्या कुठल्याही कंदाला कांदाच म्हणतात. मी घाबरून तिथेच खडकावर बसले. तीही शेजारी बसली आणि मला समजावू लागली. सोलायचा, उकडायचा, पातळ कापायचा आणि मग वाहत्या पाण्यात ठेवायचा. किती दिवस? तिनं खांदे उडवले. पाणी किती जोरात आहे त्यावर. झाला की नाही ते कसं कळतं?

"पहले मैं चखत हौं," ती म्हणाली. "जीभ न जरे, तब लइकन को देत हौं." जीभ जळली नाही, तरच पोरींच्या ताटात.

मी रसायनशास्त्र शिकले होते. प्रयोगशाळेत आम्ही हातमोजे घालून परीक्षानळी धरायचो. ही बाई दर हिवाळ्यात स्वतःच्या जिभेवर विष तपासत होती.

तीन दिवस मी तोलत राहिले. थोडं कुटकीचं बारीक धान्य, मूठभर उडीद, एकदा ओढ्यातली बारकी मासळी. आणि कांदे. बैचांदी वेगळी. बिनविषारी, गोड कांदा रोज सकाळी ती खोदून आणायची आणि तसाच उकडायची. एक कांदा तर कमरेइतक्या खोल खड्ड्यातून निघाला. माझ्या काट्यावर तो मावेना, तुकडे करून तोलावा लागला. धाकटी पोर माझ्यासमोर बसून एवढं खायची की मी दोनदा तोलून बघितलं.

घरी परतल्यावर मी हिशेब मांडला. एका कांद्यात प्रथिनं चिमूटभर. पण ते लोक चिमूटभर खात नव्हते. बेरीज झाली तेव्हा मला विश्वास बसेना. त्या घरात डाळीतून जितकी प्रथिनं आली होती, त्याहून जास्त कांद्यांतून आली होती. बैचांदी मी धरलीच नव्हती, कारण तिचा आकडा कुठल्या तक्त्यातच नव्हता.

मी परत केलं. तेच आलं. बाबा पाळीवरून आले, मला वहीवर वाकलेलं पाहून म्हणाले, "अजून काय करून राहिली गं?" मी सांगितलं. त्यांनी वही जवळ ओढून आकडे वाचले. मग म्हणाले, "आमच्याकडं एका सुतानं नग चुकला तर फेकून देतात. ती बाई जिभेनं माप घेते म्हणतेस?"

साहेबांनी वही बघितली आणि म्हणाले, "वजनात चूक असणार." मी म्हटलं, "दोनदा तोललंय, साहेब." त्यांनी स्वतःचं पेन काढलं, पूर्ण पान पुन्हा केलं. शेवटच्या ओळीवर आल्यावर चष्मा काढून टेबलावर ठेवला. "एवढी वर्षं मी हा रकाना कोरा सोडायला सांगत आलो," ते हळूच म्हणाले. मग म्हणाले, "प्रथिनं पुरेशी नाहीत हो या घरात. तेही लिहा. पण जे आहे ते कुठून आलं, तेही लिहा."

होळीच्या सुमारास मी पुन्हा त्या गावात गेले, सरकारी कामासाठी नव्हे. तिला सांगितलं, तुझ्या कांद्यांत ताकद निघाली. ती पदर तोंडाला लावून हसायला लागली, सासूला हाक मारून सांगितलं, दोघी हसल्या. मग एकदम गंभीर होऊन तिनं विचारलं, "तो अब सरकार खोदन आहे का?" आता सरकार येऊन कांदे खोदून नेणार की काय, ही तिची धास्ती.

मी नाही म्हटलं. तिच्या चेहऱ्यावर उतरलेली काळजी निघून गेली.

काही वर्षांनी संपूर्ण देशाच्या अन्नपुरवठ्याचा एक तक्ता माझ्या हाती आला. गहू, तांदूळ, डाळी, आणि खाली कंदमुळे. त्यांच्या प्रथिनांचा आकडा इतका लहान की नजर सहज पुढे जावी. मंडईतून, मालगाडीतून, कोठारातून गेलेलंच त्यात मोजलं होतं. जे डोंगरावरून टोपलीत आणि टोपलीतून थेट हंडीत गेलं, त्याला त्यात जागा नव्हती. अशी किती घरं असतील, या देशात, त्या एका लढाईच्या हिवाळ्यात?  जे मोजलं होतं, त्यापुरता मला तो आकडा खोटा वाटला नाही. फक्त त्या तक्त्याबाहेर देश केवढा मोठा आहे, ते पहिल्यांदा कळलं.