चार तासांवरची लेक

शोभे, अशी जवळ ये. म्हणजे बस तिथंच सिंगापुरात, पण लक्ष इकडं दे. जाताना दारातल्या प्रत्येकाला सांगत गेलीस, "नशीब, आईचं तोंड बघायला मिळालं." शहाणी! सगळं नशिबावर ढकलून मोकळी झालीस. पेपरच्या पुरवणीवाले म्हणतायत, बहिणीवर लिहा, तर तेच लिहिते. तूही वाच.

अक्का माझी थोरली. तिला चाकूरजवळ दिली, मला नांदेडला. अंतर मोजायची तिची एकच रीत होती, सांजेला परत येता येतं का? लातूर जिल्हा झाला तेव्हा केवढी खूष! आधी उस्मानाबादच्या कचेरीला गेलेले दाजी मुक्कामालाच राहायचे. आता लातूरचं काम उरकून दिवेलागणीला घरी. मी मात्र तिच्या लेखी लांबचीच. दोन एस्ट्या बदलून गेले की म्हणायची, "आली का परदेशातनं?" पुढं तू सिंगापूरला निघालीस आणि तिची समजूत घातलीस, "आई, विमान चार तासांचं. मावशीच्या नांदेडाएवढंच." त्यावर ती म्हणाली, "मग सांजेला ये की परत." पण तेव्हापासून गावभर सांगायची, "माझी शोभी चार तासांवर हाय."

आणि घरातल्या सगळ्यांनी ते खरं धरलं... वैशाखात पहाटे अक्का गेली. दाजींनी तुला फोन केला अन् जमलेल्यांना सांगितलं, "चार तासात येती पोरगी." तिकीट मिळायचंय, हैदराबादहून पुढं रात्रभर गाडी आहे, हे कुणाच्या ध्यानातच नाही. मठाच्या स्वामींनी मातीला दुपारची वेळ दिली. दुपारी तुझा फोन आला, अजून तिकडंच आहे, सकाळ होईल. तुझा काका म्हणाला, "एवढ्या उन्हात ठेवता येत न्हाई. दिवस मावळायच्या आत बसवू." आमच्या लिंगायतांत जाळत नाहीत, बसवून माती देतात. जागा शेतातलीच.

पण दोन वर्षं पाऊस नाही. जमीन अशी की पहार मारली तर ठिणगी उडावी. खड्ड्याला लावलेला नागप्पा खणून खणून घरी आला. "अप्पा, चार घागरी पाणी द्या. माती भिजली की लगेच होतंय."

अंगणात टँकरच्या पाण्याचं पिंप काठोकाठ भरलेलं, सगळ्यांना दिसत होतं. दाजी उठले. पिंपावर झाकण ठेवलं आणि त्यावर बसले.

"तिनं रांगेत उभं राहून भरलंय हे. मातीत घालायला न्हाई."

"मग उजाडंल, अप्पा."

"उजाडू दे."

काका चिडला, "दादा, पाण्यासाठी अडून राहिलात व्हय?" दाजी हलले नाहीत. नागप्पानं त्यांच्या तोंडाकडं बघितलं, पहार उचलली अन् सावकाश चालत गेला. मग स्वामींनीच टाळ मागवले, भजन सुरू केलं.

सकाळी तू आलीस, आईला विभूती लावलीस, तेव्हा कुठं खड्डा पुरा झाला होता. याला तू नशीब म्हणतेस.

आता चार पाऊस झालेत. परवा दाजींना बघून आले. फार थकलेत. ओट्यावर बसून शेताकडं बघत म्हणाले, "यंदा माती लोण्यासारखी हाय. माझ्या टायमाला घटकेत खड्डा होईल." मी म्हटलं, "कायबी बोलू नका." पण शोभे, खरंय ते. दिवाळीवर ढकलू नको. लवकर येऊन जा, बाई. आता माती थांबायची नाही.