महादेव बुडवायचा ठराव

छबुबाई गुरवीण महादेवाला देव कमी आणि घरातला कटकट्या म्हातारा जास्त मानायची. पिंडीला आंघोळ घालता घालता तिच्या तोंडाची टकळी चालूच. बहात्तरच्या दुष्काळात देवाची आंघोळ बंद झाली, टकळी वाढली.

चकलांब्यात पाऊस रुसला की गाभारा पाण्यानं भरून पिंड बुडवायची रीत. यंदा सोसायटीचे चेअरमन अर्जुनराव यांनी त्याचाही ठराव केला, तोही सर्वानुमते! भटजींनी वेदातला आधार काढला. महादेव म्हणजे वेदातला रुद्र, वादळाचे मरुत ही त्याची पोरं. बाप गुदमरला की पोरं ढग घेऊन धावत येणार.

"पोरं तर इंद्राच्या मागं हिंडत्यात," छबुबाई म्हणाली. "बापाला कोण इचारतंय? तुमचीच बघा की चेअरमन, आमदाराच्या जीपमागं पळत्यात!"

सोसायटीच्या विहिरीचं तळाला उरलेलं पाणी गाभाऱ्यात ओतलं. तीर्थ बाहेर जायचं गोमुख छबुबाईनंच चिंध्या-चिखलानं बुजवलं. मग गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलं. छबुबाई घरी आली, तर तिची गाभण गाय जीभ बाहेर टाकून पडलेली. गाय कशीबशी उठवून ओढत तिनं देवळामागं गोमुखापाशी आणली.

"तू काय बुडून मरत न्हाईस बाबा, ही मरंल," असं महादेवाला सुनावून तिनं बोळा उपसला. गाय घटाघटा प्याली. बोळा परत बसला.

संध्याकाळी अर्जुनरावांनी आत डोकावलं. पाणी उतरलेलं!

"देव प्याला! हर हर महादेव!" त्यांनी उभ्या उभ्या दुसरा ठराव टाकला. घराघरातल्या माठातलं पाणी आणा.

शेजारची अंजना तान्हं कडेवर घेऊन माठासकट आली, तेव्हा मात्र छबुबाई देवळाच्या दारात आडवी आली. खरं बोललं तर गुरवकी जाणार हे तिला दिसत होतं. लई भ्यालेली होती.

"देव न्हाई प्याला. माझी गाय प्याली. मीच बोळा काढला."

"हिला देवळातून काढा!" अर्जुनराव कडाडले.

अंजना माठ घेऊन माघारी वळली. परत आली ती म्हैस घेऊन. मग कुणी शेळी आणली, कुणी वासरू. अर्जुनराव ओरडतच होते. तेवढ्यात त्यांचीच बायको केशरबाई घरचा बैल धरून गोमुखापुढच्या रांगेत उभी राहिली.

"कावून वरडताय?" ती म्हणाली. "ह्यो मेला तर पाऊस आल्यावर नांगराला तुमाला जुंपू?"