मेनसाहेबांचा कट्टा

घराला कुलूप लावायचं म्हटलं की मेनसाहेबांचा हात आधी मेन स्विचकडे जायचा. मग फ्रिजमधलं दूध नासो, बर्फाचं पाणी होऊन स्वयंपाकघरभर पसरो. त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, कपाळाला हात लावून पाहिला, अबोला धरून पाहिला, उपयोग शून्य. "शेवटच्या माणसानं मेन पाडूनच निघायचं," हे त्यांचं उत्तर ठरलेलं. गुजराती मुलखातल्या मकरपुऱ्याच्या आमच्या कारखान्यात ते देखभालीचे मुख्य होते. रोज संध्याकाळी सगळे गेले की आपल्या हातानं मेन पाडायचे, म्हणून त्यांचं नावच मेनसाहेब पडलं. मी तिथंच ऑफिसात टायपिस्ट होते.

मग आम्ही बनवायचो तसली यंत्रं बाहेरून स्वस्तात येऊ लागली आणि आमचा कारखाना बसला. शेवटच्या दिवशी आम्ही सगळे गेटबाहेर घुटमळत होतो. मेनसाहेब एकटे आत गेले, मेन पाडला, बाहेर आले आणि थेट स्कूटरला किक मारली. एरवी दहा लाथा खाल्ल्याशिवाय न हलणारी ती स्कूटर त्या दिवशी मेली पहिल्या किकला सुरू झाली. आम्हाला त्यांचा चेहरासुद्धा नीट बघायला मिळाला नाही.

माणसं पांगली. कुणी जामनगरला गेलं, कुणी पुण्याला, आमचा वेल्डर गणपत तर थेट मस्कतला. मी कॉम्प्युटरचा क्लास काढला आणि काही वर्षांनी मेनसाहेब त्यात शिकायला येऊन बसले. "सुनंदा, मला एक जागा करून दे. सगळ्यांनी यायचं, लिहायचं, भांडायचं." नवंनवं ब्रॉडबँड आलं होतं. त्यांच्याच बैठकीच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर आम्ही 'मकरपुरा कट्टा' नावाचा फोरम उभा केला. बघता बघता तिथं कँटीनच्या गोड कढीवरून जुनी भांडणं नव्यानं पेटली. मेनसाहेब सकाळी पूजेआधी कट्टा उघडून "केम छो मंडळी?" असं लिहायचे. काकूंच्या मते देवाला ते कधी एवढ्या प्रेमानं काही विचारत नसत.

आणि मग ते दुखणं सुरू झालं. कट्ट्यावरचं सगळं लिखाण ज्यात साठतं ते डेटाबेसचं टेबल दर सोमवारी करप्ट झालेलं असायचं. मी जाऊन दुरुस्त करायची. पण दुरुस्तीत काही ना काही गळायचंच. एकदा गणपतनं महत्प्रयासानं लिहिलेलं लांबलचक पत्र गेलं, एकदा कुणाच्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण. माणसं चिडली. "पुसलंच जाणार तर लिहायचं कशाला?" म्हणत एकेक जण यायचा बंद झाला. मेनसाहेबांचं जेवण कमी झालं. "कारखाना गेला तेव्हा ही माणसं एकदा गेली, सुनंदा. कट्टा मोडला तर आता परत नाही सापडायची."

देखभालवाला माणूस, गप्प थोडाच बसणार? त्यांनी कॉम्प्युटरची धूळ पुसली, त्याच्यासमोर पंखा लावला. मस्कतहून येणारं लिखाण वाटेत तापत असेल, अशीही एक शंका त्यांनी काढली. शेवटी माझ्या सांगण्यावरून, वीज गेली तरी थोडा वेळ कॉम्प्युटर चालू ठेवणारा यूपीएस आणला. तरी सोमवारी टेबल आपलं मोडलेलं ते मोडलेलंच.

उलगडा झाला तो एका रविवारी. दर रविवारी ते काकूंना घेऊन त्यांच्या माहेरी, पादऱ्याला जायचे. कट्ट्यावर तशी पाटीच असायची, 'रविवारी बंद. आवजो,' म्हणजे पुन्हा या. मला वाटायचं, कॉम्प्युटर रीतसर बंद करून जात असतील. त्या दिवशी मलाही पादऱ्याला काम होतं, म्हणून त्यांच्याकडे गेले. कॉम्प्युटर चालू होता, त्याचा दिवा लुकलुकत होता, कट्ट्यावर कुणीतरी दुरून काही लिहीत होतं. साहेबांनी चपला घातल्या आणि खाडकन मेन पाडला. यूपीएस कोकलायला लागला. "हा बघ, दर रविवारी असाच रडतो," म्हणत त्यांनी त्याचंही बटण बंद केलं.

मी किंचाळलेच. ते शांतपणे म्हणाले, "शुं थयुं?"

"साहेब, लेथ चालू आहे, टूल जॉबच्या लोखंडात घुसलंय, अशा वेळी तुम्ही मेन पाडला असता?"

"गांडी थई गई? वेड लागलं तुला? टूल मोडेल, जॉबही वाया..." आणि ते मधेच थांबले. एकदा कॉम्प्युटरकडे बघितलं, एकदा स्वतःच्या हाताकडे. मग चपला काढून खुर्चीत बसले. "म्हणजे दर रविवारी मीच," एवढंच म्हणाले. त्या दिवशी पादरा राहिलं.

दुसऱ्या दिवशी मेन स्विचच्या वर तांबड्या ऑइलपेंटनं, थेट कारखान्याच्या अक्षरांत लिहिलेलं होतं: आधी टूल मागे, मग मेन. आधी कट्टा थांबवायचा, त्याची नक्कल सीडीवर घ्यायची, कॉम्प्युटर रीतसर बंद करायचा आणि मग मेन. त्यानंतर टेबल मोडलं नाही. रुसलेले हळूहळू परतले. गणपतनं ते पत्र पुन्हा लिहिलं. पहिलं जास्त चांगलं होतं, हेही न विसरता लिहिलं.

पुढं मेनसाहेबांचं हृदय दमलं. ऑपरेशनसाठी अहमदाबादला जायचं ठरलं. दाराशी गाडी, आत काकू बसलेल्या, कुलूप माझ्या हातात. मी कट्टा थांबवायला वळले तर म्हणाले, "राहू दे चालू."

"आणि मेन?"

"एका जागेचा शेवटचा मेन मी पाडलाय, सुनंदा. आता पुन्हा नको." मग माझा चेहरा बघून हसले, "यूपीएसवर लक्ष ठेव. आवजो."

ते परत आले नाहीत. काकूंचा फोन आला तेव्हा मी किल्ली घेऊन गेले. बंद घरात कॉम्प्युटर घुमत होता. कट्ट्यावर सगळ्यांनी साहेबांची चौकशी केली होती, कधी न लिहिणाऱ्यांनीसुद्धा. सगळ्यात खाली गणपत होता: "साहेब, मेन चालू आहे ने?"

मला काही दिसेनासं झालं. डोळे पुसून मी आधी उत्तर लिहिलं, "चालू आहे." आणि मग बाकीची बातमी लिहायला बसले.