एरर मोठ्याने वाचायची

चार लिनक्सवाले एकत्र बसले की किस्से आपोआप साचतात. सॉफ्टवेअरची पॅकेजं मात्र आपोआप उतरत नाहीत. म्हैसूरला नोकरीसाठी आलो आणि आमचा रविवारचा गट सापडला. जुने कॉम्प्युटर गोळा करायचे, त्यांवर लिनक्स घालायचं आणि गरजूंना द्यायचे. जागा म्हणजे सुधाकरअण्णांच्या शिवणकामाच्या दुकानाची माडी. नियमही अण्णांचाच: एरर आली की कीबोर्डवरचा हात काढायचा आणि ती शेवटपर्यंत मोठ्याने वाचायची. कंटाळून फॉरमॅट मारणाऱ्याने सगळ्यांना कॉफी पाजायची. आजवर कोणी पाजलेली नाही, हे मी कॉलर ताठ करून सांगतो.

*

प्रीती मेटगळ्ळीच्या कारखान्यात इंजिनिअर. एकदा इन्स्टॉल अडलं तशी तिने मशीन बंद करायला हात नेला.

"अय्यो, वाच की गं पहिलं," अण्णा म्हणाले.

तिने वाचलं. दुसरा प्रोग्राम आधीच अपडेट उतरवत होता.

"म्हंजे ट्रायल रूममधी माणूस हाय. दार कशाला तोडतीस?"

*

एकदा माडीवरचं नेट गेलं, म्हणून शेजारच्या हॉटेलचं वायफाय घेतलं. एकही पॅकेज धड उतरेना. सर्व्हर बदलून झाला, आमची भांडणंही झाली. शेवटी प्रीतीने एरर टोकापर्यंत वाचली. तिथे चक्क विचारलं होतं, या नेटवर्कला लॉगिन लागतं का?

"अण्णा, कापड मागवलं आणि पुडक्यात हॉटेलचं लॉगिन पान आलंय."

अण्णांनी तिला त्या दिवशी शेवटची जिलेबी दिली. आमच्याकडे हा मोठा मान आहे.

*

बन्नूरच्या एका वाचनालयाचं मशीन आलं. एरर म्हणे, 'नॉट व्हॅलिड येट'. सर्व्हरवरची फाइल अजून लागू झालेली नाही!

आतली बॅटरी संपली होती आणि घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलं होतं. तारीख नीट केल्यावर सगळं सुरळीत उतरलं.

"उद्या शिवणार तो शर्ट आज कसा घालंल बिचारं?" अण्णा म्हणाले. तेव्हा अण्णांची मावसबहीण पद्माक्का तिच्या वर्गासाठी दुसरं मशीन न्यायला आली होती, तीही पोटभर हसली.

*

पद्माक्काचा एच. डी. कोट्याला बायकांचा शिवणवर्ग. आता ती कॉम्प्युटरवर पॅटर्न काढायला शिकवणार होती. आसपासच्या गावांतल्या बायका घरच्यांची मनं वळवून येणार होत्या. पहिल्याच दिवशी मशीन अडलं, तर दुसऱ्या दिवशी त्यांना कोण पाठवणार? पद्माक्काला तीच धास्ती होती.

वर्गाच्या सकाळी मी दुकानात होतो. तिचा फोन आला. "अण्णा, पॅटर्नचं सॉफ्टवेअर उतरंना. बाया समोर बसल्यात."

अण्णांनी फोन स्पीकरवर टाकला. "वाच."

पलीकडे खुर्च्या सरकल्या. मग एकटी पद्माक्का नाही, सगळा वर्गच अडखळत, एका सुरात एरर वाचू लागला. "नॉट... व्हॅलिड... येट."

अण्णांनी सांगायला तोंड उघडलं.

"सरी अण्णा, कळलं. ठेवते," पद्माक्का म्हणाली. "वर्ग चालू हाय."