खाटेजवळचा नातेवाईक

त्या बाईचा नवरा अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. उभ्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांतले निम्मे चेहरे विसरून गेलो. याचा विसरलो नाही.

मी मूळचा अकोल्याचा. तेव्हा अमरावतीत एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती, तेवढ्यात दहा-पंधरा माणसं आत घुसली. मोर्शीकडची, भाजीपाला लावणारी माणसं. शहरातल्या एका खासगी रुग्णालयात आदल्या दिवशी एक बाई दगावली होती. तिचा भाऊ पुढं होऊन टेबलावर मूठ आपटत म्हणाला, "माह्या बहिनीले जावयानं मारलं साहेब! डाक्टर म्हने मोठ्या दवाखान्यात न्या, आन् या हरामखोरानं नाही म्हनून सही देली. दुसरी बायको करायची हाये त्याले!"

रुग्णालयातल्याच कोणीतरी त्याच्या कानावर हे घातलं होतं. आणि खबर खोटी नव्हती. आकस्मिक मृत्यूची नोंद आमच्याकडं होतीच, मी रुग्णालयाचे कागद ताब्यात घेतले. त्यावर शिक्का होता, 'प्रकृती गंभीर असून मोठ्या रुग्णालयात हलविणे आवश्यक असल्याचे नातेवाइकांना समजावून सांगितले. नातेवाईक नेण्यास तयार नाहीत.' खाली सही, तारीख, वेळ, सगळं जिथल्या तिथं. पित्ताच्या नळीत खडा अडकून अंगभर पू भिनला होता. तो खडा काढायची सोय इथं नव्हती, नागपूरला होती. वेळेत नेलं असतं तर बाई बहुधा वाचली असती, असं शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी मला तोंडी सांगितलं.

गावात तर निकाल लागूनही गेला होता. मामानं दोन्ही लेकरं उचलून नेली. नवऱ्याच्या दारात कोणी पाऊल ठेवीना.

त्याला ठाण्यात बोलावलं तेव्हा मीही मनातून मामाच्याच बाजूचा होतो. कारण काय, तर तो रडत नव्हता. न रडणाऱ्या माणसाचा पोलिसाला लगेच संशय येतो, ही आमची जुनी खोड आहे. मी सरळ आवाज चढवला.

"नागपूरले काहून नेलं नाही रे?"

"कोन म्हने नागपूर?"

"डॉक्टरनं सांगितलं नाही?"

"मले कोनंच काई सांगतलं नाही साहेब. सांगतलं असतं त खांद्यावर घालून नेलं असतं तिले."

"मग तोंड नव्हतं का विचारायला?"

"डाक्टरसाहेब माह्याकडे पायतच नव्हते. मोठा मानूस, घाईत असन म्हटलं. आन् वंगाळ असतं त सांगतलं असतं ना त्यायनं?"

मी कोरा कागद पुढं सरकवला आणि त्याच्या नमुना सह्या घेतल्या. एक-एक अक्षर जपून लिहीत त्यानं पूर्ण नाव काढलं. रुग्णालयाच्या कागदावर मात्र एक झोकदार रेघ होती. ती त्याची नाही हे सांगायला हस्ताक्षरतज्ज्ञाची गरज नव्हती.

मग कोणाची? त्याला त्या दिवसाचं सगळं पुन्हा पुन्हा सांगायला लावलं. तिसऱ्या वेळी म्हणाला, दुपारी रक्ताचा नमुना द्यायला बाहेरच्या लॅबमध्ये गेलो होतो. "बाजूच्या खाटवाल्या भाऊले सांगून गेलतो, जरा लक्ष ठेवजा म्हनून."

तो भाऊ धामणगाव रेल्वेचा निघाला. धान्य बाजारात हमाल. पाय मोडलेल्या बापाला घेऊन तो त्याच संध्याकाळी सुट्टी होऊन घरी गेला होता. आमची जीप दारात थांबली तसा तो आधी घाबरला. मग मी कुठलं प्रकरण ते सांगितलं, तर त्याचा पहिला प्रश्न होता, "कशी हाये साहेब त्या बाईची तब्येत आता?"

मी उत्तर टाळून कागद दाखवला. "ही सही तुमची?"

"माहीच. सिस्टर आली, म्हने या पेशंटसोबत कोन हाये? तिचा मालक त बाहेर गेलता. मी म्हटलं, मी हावो ना. म्हने, इथं सही करा. सलाइनचं काई असन म्हटलं, देली करून."

"वाचलं नाही?"

"दवाखान्यात कोन वाचते साहेब?"

ती गेली, हे मी सांगितलं. तो कागदावर बोट ठेवून आता कुठं ओळ न ओळ वाचू लागला. अशा माणसावर रागवायचं तरी कसं? आमच्या वऱ्हाडात बाजूची खाट म्हणजे शेजार. एकाचा डबा दोघं खातात, एकाचा पेशंट दुसरा सांभाळतो. तो शेजारधर्माला जागला होता.

सिस्टरचा जबाब एका वाक्याचा होता. "खाटेजवळ जो असते तो नातेवाईकच असते ना सर!"

आता डॉक्टर. हुशार माणूस, बोलणं तोलूनमापून. "मी सिस्टरला सांगितलं होतं, नातेवाइकांना कल्पना द्या. सही आली, म्हणजे नकार आला. आणखी मी काय करायचं?"

"नवऱ्याशी स्वतः एकदा तरी बोललात?"

"खरं सांगू? मला त्याची चीड आली होती. बायकोला मरायला टाकणाऱ्या माणसाशी काय बोलायचं?"

माझं डोकंच फिरलं. दोन दिवस ही दोन माणसं एकाच वॉर्डात एकमेकांसमोरून जात-येत होती. एक रागानं बोलत नव्हता, दुसरा मान राखून विचारत नव्हता, आणि मधल्या मधे बाई मरत होती.

डॉक्टर पुढं म्हणाले, "मी राउंडला म्हटलंही होतं, घरचेच न्यायला तयार नाहीत तर आपण काय करणार."

"कुठं म्हटलं?"

"तिथंच. खाटेजवळ."

"बाई शुद्धीवर होती?"

"तोवर होती."

कागद वैद्यकीय समितीकडं पाठवले. अभिप्राय आला, स्वतःस नातेवाईक म्हणविणाऱ्या इसमाने सही केल्याने रुग्णालयाचा निष्काळजीपणा दिसून येत नाही, नोंदी परिपूर्ण आहेत. परिपूर्ण! वा रे वा! म्हणजे फिरून दोष त्या हमालाचा. मी फाइल आपटली, पण आपटून काय होतं? गुन्हा दाखल झाला नाही. मामानं लेकरं मुकाट्यानं आणून सोडली. माफी मागितली नाही. आपल्याकडं माफी मागत नाहीत, चहा पिऊन उठतात.

या प्रकरणानं मला एक शिकवलं. सही घेणं म्हणजे सांगणं नव्हे. आधी विचारा, बाबा तू यांचा कोण? मग सांगा, आणि त्याला काय समजलं ते त्याच्याच तोंडून ऐका. मग खुशाल लिहा. आता रस्त्यावरचा माणूस धरून पंचनाम्यावर सही घेणाऱ्या खात्यातल्या माणसानं हे सांगावं, याला लोक हसतील. हसू देत.

प्रकरण मिटल्यावर नवरा एकदा ठाण्यात आला. हात जोडून उभा राहिला. मी बसवलं. मग म्हणाला, "एक गोष्ट समजत नाही साहेब. शेवटच्या दिवशी तिनं माह्याकडून तोंड फिरवलं. पानी देल्लं त घेतलं नाही. हात धरला त सोडवून घेतला. पंधरा वर्षांच्या संसारात अशी कधी रुसली नाही. काहून रुसली असन?"

मला माहीत होतं. डॉक्टरचा जबाब, राउंडच्या त्या वाक्यासकट, मीच लिहून घेतला होता.

"ताप डोक्यात गेला होता रे तिच्या," मी म्हटलं. "तुला ओळखलंच नाही तिनं."

त्यानं मान हलवली आणि तो गेला. खरं ते मी त्याला सांगितलं नाही, आणि सांगणारही नाही.